गाडीच्या आतले आवाज रेकॉर्ड करताना: इंडिकेटर, केबिन आणि चालती गाडी

गेल्या उन्हाळ्यात एकांकिका बसवणाऱ्या पोट्ट्यांनी मला एक फाइल ऐकवली. नाव होतं ‘इंडिकेटर फायनल २’. तिच्यात इंडिकेटर होता, नाही असं नाही. पण त्याच्या अंगावर एसीचा ब्लोअर होता, मागे कुणाच्या तरी खिडकीतला कूलर घरघरत होता, बाराव्या सेकंदाला कोकीळ ओरडली आणि शेवटी गाडीमालक विचारत होता, “झालं का बे?” नाटकातला प्रसंग डिसेंबरच्या रात्रीचा होता.

ही चूक एकट्या त्यांची नाही. लघुपट, श्रुतिका, ऑडिओबुक करणारे बरेच जण असंच करतात. गाडीत बसायचं, मोबाइल डॅशबोर्डवर ठेवायचा, गाडी सुरू करायची, इंडिकेटर द्यायचा आणि जे येईल ते घेऊन घरी जायचं. मग तो आवाज कुठल्याच प्रसंगाखाली बसत नाही. इंडिकेटर, इंजिन आणि केबिन हे तीन वेगळे आवाज आहेत. वेगळे घेतले तर हवे तसे मिसळता येतात. एकदा मिसळले की दुधातलं पाणी काढत बसायचं. खालचे सगळे टप्पे एवढ्याच एका कारणासाठी आहेत.

१. आधी यादी, मग गाडी

गाडीजवळ जाण्याआधी कागदावर यादी करा. माझी नेहमीची यादी अशी: इंडिकेटर डावा, उजवा आणि चारही एकत्र, दांडीचा खटका, वर आणि खाली, स्टीअरिंग सरळ झाल्यावर दांडी आपोआप परत येते तो खटका, दार आतून आणि बाहेरून, सीटबेल्ट ओढणं, लावणं, सोडणं, हँडब्रेक, गिअर, काच वर-खाली, ग्लोव्ह बॉक्स, चावी आणि स्टार्टर, उभ्या गाडीतली शांतता, उभ्या गाडीत चालू इंजिन, आणि शेवटी चालती गाडी.

चालती गाडी मुद्दाम शेवटी. रस्त्यावरून आलं की इंजिन तापलेलं असतं, माणसं कंटाळलेली असतात आणि शांत आवाज घेण्याची सहनशक्ती संपलेली असते.

आता गाडी. सध्याच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची टिकटिक खरी नसते. दिवे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने लागतात आणि चालकाला कळावं म्हणून मीटरमागच्या छोट्या स्पीकरमधून किंवा गाडीच्या स्टिरिओमधून आवाज सोडतात. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डखाली फ्लॅशर रिले असतो, त्याचे धातूचे संपर्क खरोखर आपटतात. १९८३ ते २०१४ एवढी वर्षं निघालेली मारुती ८०० किंवा जुनी जीप ओळखीत कुणाकडे ना कुणाकडे असतेच. गोष्ट जुन्या काळातली असेल तर तीच शोधा. नव्या गाडीचा गुळगुळीत ‘टप-टप’ १९९५ च्या प्रसंगाखाली घातला तर प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

तपासा: गाडी घेण्याआधी मालकासमोर इग्निशन ऑन करून, इंजिन न लावता, दोन मिनिटं इंडिकेटर चालवून ऐका. रिले मध्येच अडखळत असेल तर दुसरी गाडी बघा.

२. वेळ आणि जागा

नागपुरात या कामातली निम्मी मेहनत इथेच आहे.

मार्च ते पाऊस पडेपर्यंत शहरात रात्रभर कूलर चालतात. दोन वाजता बाहेर उभं राहून कान द्या, अख्ख्या लाइनीतून एक सलग घरघर येते. गाडीच्या बंद काचा ती पूर्ण अडवत नाहीत. खालच्या पट्टीतली घरघर पत्र्यातून आणि काचेतून आत येतेच. पावसाळ्यात कूलर बंद होतात, पण रातकिडे आणि बेडूक सुरू होतात. त्यांचा आवाज उंच पट्टीतला, म्हणजे टिकटिक जिथे बसते बरोबर तिथेच.

म्हणून शांत आवाजांसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरा आणि वेळ रात्री अडीच ते साडेचार. पंखे बंद, खिडक्या बंद, लोक गोधडीत. पाचच्या पुढे दूधवाले, पेपरवाले आणि फिरायला निघालेले काका लोक सुरू होतात. लग्नाच्या तिथी कॅलेंडरमध्ये बघून घ्या. जवळ लॉन असेल तर त्या रात्री जाऊच नका. डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडे सायरनच्या गाड्या फिरतात, तो भागही टाळा.

जागेबद्दल माझा अनुभव असा. फुटाळा आणि अंबाझरी ही तळी लोकांना शांत वाटतात, पण ती फिरण्यासाठी शांत आहेत, रेकॉर्डिंगसाठी नाहीत. सोनेगाव, प्रतापनगर, वर्धा रोडच्या बाजूला विमानं डोक्यावरून जातात. अजनी, इतवारी, गोधनी या स्टेशनांच्या आसपास रात्री इंजिनाचा भोंगा दोन किलोमीटरवरूनही ऐकू येतो. अपार्टमेंटचं बेसमेंट मोहात पाडतं, पण तिथे लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप आणि ट्यूबलाइटची गुणगुण असते. मला सर्वात बरं पडलेलं ठिकाण म्हणजे काटोल किंवा कळमेश्वरच्या बाजूला ओळखीच्या माणसाचं शेत. मुख्य रस्त्यापासून आत, बांधाच्या मागे गाडी लावायची. आधी दिवसा जाऊन बघा: जवळ मोटरपंप आहे का, कुत्रं आहे का, विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे का. शेतीच्या पंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच येते, हे विसरू नका.

सावधान: रात्री अंधारात गाडी लावून, हेडफोन घालून बसलेला माणूस संशयास्पदच दिसतो. गाडीची कागदपत्रं आणि स्वतःचं ओळखपत्र जवळ ठेवा, शेतमालकाला सांगून जा, एकटे जाऊ नका. मला एकदा गस्तीवरच्या हवालदारांनी विचारलं, काय करून राह्यले? इंडिकेटरचा आवाज घेतोय म्हटल्यावर त्यांनी आधी सोबत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी हेडफोन त्यांच्या कानाला लावला तेव्हा पटलं.

३. सामान

महागड्या सामानाच्या मागे लागू नका. हातात मावणारा रेकॉर्डर, त्याला जोडायला एक छोट्या डायफ्रामचा कंडेन्सर माइक, कॉलरला लावतात तसे दोन छोटे माइक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन, एवढ्यात काम होतं. रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटवाला असेल तर दार आपटण्यासारख्या आवाजांना जीव वरखाली होत नाही. नसेल तर २४ बिट पुरे. नेहमीसाठी सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. आवाज पुढे खूप खाली ओढायचा असेल, म्हणजे दाराच्या आवाजातून तिजोरीचं दार वगैरे बनवायचं असेल, तर ९६.

सोबत एक पिझो चकती न्या. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, अगदी स्वस्त. तिला वायर आणि जॅक डकवून घेतला की पृष्ठभागाला चिकटवायचा माइक तयार होतो. ती साध्या माइक इनपुटला लावली की आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. गिटार लावतात त्या हाय इम्पिडन्स इनपुटला लावा, मग खालची पट्टी येते.

बाकी किरकोळ: स्पंजाचे तुकडे, जाड रबरबँड, कापडी टेप, दोन जाड चादरी, टॉर्च, जास्तीचे सेल आणि वही. माइकसाठी केसाळ कव्हर घ्या. काचा उघड्या ठेवून चालती गाडी घेताना नुसता स्पंज वाऱ्याला पुरत नाही.

मोबाइलच वापरायचा असेल तर साधं व्हॉइस रेकॉर्डर ॲप नको. ते आवाज आपोआप कमी-जास्त करतं: टिक आली की दाबतं, मध्ये शांतता आली की उचलतं. परिणामी प्रत्येक टिकेनंतर पार्श्वभूमी श्वास घेतल्यासारखी फुगते. ती नंतर दुरुस्त होत नाही. गेन, म्हणजे आवाज किती उचलायचा ते, हाताने ठरवता येणारं आणि वेव्ह फाइल देणारं ॲप घ्या, आवाज-शुद्धीकरणाचे सगळे पर्याय बंद करा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका.

४. गाडी गप्प करा

गाडीत माणूस बसला की किती गोष्टी वाजतात ते हेडफोन घातल्याशिवाय कळत नाही. चावीच्या जुडग्यातल्या बाकीच्या चाव्या काढा. आरशाला टांगलेली माळ, लिंबू-मिरची, डुलणारा गणपती, कप्प्यातली नाणी, दाराच्या खिशातली पाण्याची बाटली, डिक्कीतला जॅक, सगळं बाहेर. रबरी मॅटखाली वाळू असेल तर झटका. ब्लोअर बंद, स्टिरिओ बंद, डॅशकॅम बंद, सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर.

मग थांबा. गाडी चालवत आणली असेल तर इंजिन आणि सायलेन्सर थंड होताना धातू आकसतो आणि ‘टिंग… टिंग’ वाजत राहतो. हा आवाज इंडिकेटरच्या इतका जवळचा असतो की नंतर वेगळा करणं अशक्य. निदान पाऊण तास जाऊ द्या. रेडिएटरचा पंखाही इंजिन बंद केल्यावर काही वेळ फिरू शकतो.

इग्निशन ऑन केल्यावर इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची ‘झूंऽऽ’ येते. ती संपू द्या. दार नीट लागलेलं नसेल की पीं-पीं, सीटबेल्ट नसेल की पीं-पीं. दारं पक्की लावा. रिकाम्या सीटचा बेल्टही बकलमध्ये अडकवून ठेवा.

तपासा: सगळं बंद, सगळे गप्प, एक मिनिट नुसतं रेकॉर्ड करा आणि तिथेच हेडफोनवर जोरात ऐका. जे ऐकू येतं ते प्रत्येक फाइलीत येणार आहे. आत्ताच सोडवा.

५. इंडिकेटर

भारतात इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे असा नियम आहे. बहुतेक गाड्या ८० ते ९० च्या आसपास असतात. मिनिटाला ८४ धरले तर एक फेरा ०.७१ सेकंदाचा. हा आकडा वहीत लिहा, पुढे लागेल.

आता नीट ऐका. आपण ‘टिकटिक’ म्हणतो, पण हे दोन वेगळे आवाज आहेत. रिलेचा संपर्क जुळतो तेव्हा दिवा लागतो आणि एक कोरडा, वरच्या पट्टीतला ‘टिक्’ येतो. संपर्क सुटतो तेव्हा दिवा विझतो आणि जरा जाड, खालचा ‘टॉक्’ येतो. दोघांमधली अंतरंही नेहमी सारखी नसतात. कित्येक गाड्यांत टिक् ते टॉक् आणि टॉक् ते पुढचा टिक् यांत फरक असतो. त्या किंचित लंगडेपणानेच इंडिकेटर खरा वाटतो. एकच टिक् कापून समान अंतरावर चिकटवणारे लोक आहेत. त्यांचा इंडिकेटर भिंतीवरच्या घड्याळासारखा ऐकू येतो.

माइक कुठे? आधी कानाने शोधा. स्टीअरिंगच्या आजूबाजूला, डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सजवळ डोकं घालून ऐका, नाहीतर पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा कानाला लावून दुसरं टोक फिरवा. जिथे सर्वात मोठा येतो तिथपासून एक वीत दूर माइक ठेवा. अगदी चिकटून ठेवला तर नुसता खटका येतो, गाडी येत नाही. माइक डॅशबोर्डला टेकवू नका. दोन रबरबँडांत झुलता ठेवा किंवा स्पंजावर ठेवा, नाहीतर तुम्ही सीटवर हलल्याचं चर्र प्लास्टिकमधून थेट आत जाईल.

नव्या गाडीत आवाज दाराच्या स्पीकरमधून येत असेल तर सेटिंगमध्ये त्याचा मोठेपणा बदलता येतो का बघा. मधल्या पातळीवर ठेवा. सर्वात मोठ्यावर छोटे स्पीकर चिरकतात.

घेण्याचा क्रम असा ठेवा.

पहिलं, जवळून: इग्निशन ऑन, इंजिन बंद, उजवा इंडिकेटर, सलग तीन मिनिटं. मग डावा तीन मिनिटं. मग चारही एकत्र. ते इग्निशन बंद असतानाही चालतं, त्यामुळे सर्वात स्वच्छ आवाज बऱ्याचदा इथेच मिळतो. रिलेच्या गाडीत चार दिव्यांचा भार आल्यावर खटक्याचा पोत जरा बदलतो, म्हणून एकाच्या जागी दुसरा खपवू नका.

दुसरं, चालकाच्या कानापासून: माइक सीटच्या डोक्याच्या उशीजवळ. प्रसंगात हाच सर्वात जास्त लागतो आणि हाच घ्यायला लोक विसरतात. जवळच्या फाइलीवर संगणकातून घुमारा चढवून हा मिळत नाही. सीटचं कापड, काच, छताचं अस्तर यांनी आवाजाला जो बोथटपणा येतो तो खऱ्या गाडीतच येतो.

तिसरं, पिझो चकती स्टीअरिंगच्या खालच्या आवरणाला टेपने चिकटवून. एकटा ऐकला तर भलताच वाटतो, पण जवळच्या आवाजाखाली थोडासा घातला की अंग येतं.

चौथं, दांडी. सावकाश, झटकन, वैतागून, अशा तिन्ही तऱ्हांनी प्रत्येकी पाच वेळा. काही गाड्यांत दांडी हलकीच दाबली की तीनदा लुकलुकून थांबते, तेही घ्या. मग इंडिकेटर चालू ठेवून स्टीअरिंग वळवून परत आणा, म्हणजे दांडी स्वतःहून ‘टॉक’ करून परत येते. पॉवर स्टीअरिंगची गाडी बंद असताना चाक जड जातं, टायर चरकतात. जॅकवर पुढची चाकं उचलली तर सुटसुटीत होतं, पण मागच्या चाकांना दगड लावल्याशिवाय नाही. आवाज गाडीत बसून घ्यायचा, कुणीही गाडीखाली जाऊ नये.

एक जादा गंमत: इंडिकेटरचा एक बल्ब गेला की बहुतेक गाड्यांत उरलेले दुप्पट वेगाने लुकलुकतात. मालकाची परवानगी घेऊन मागचा बल्ब काढा आणि तो घाईतला आवाजही घेऊन ठेवा. खटारा गाडी दाखवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

पातळी: टिक् अतिशय छोटी आणि टोकदार असते, मीटर तिला पूर्ण पकडत नाही. सर्वोच्च टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. रेकॉर्डरचा लो कट, म्हणजे खालची पट्टी कापणारा फिल्टर, इथे ८० हर्ट्झवर लावला तरी चालेल. केबिनचे आवाज घेताना मात्र काढून टाका, नाहीतर गाडीचं पोटच जातं.

सावधान: जुनी बॅटरी असेल तर दर पंधरा मिनिटांनी आवाज तपासा. बॅटरीचं व्होल्टेज उतरलं की काही रिलेंची गती बदलते आणि पहिली व शेवटची फाइल एकमेकींशी जुळत नाहीत. शेतात, पहाटे चार वाजता स्टार्टर न फिरणं हाही एक आवाज आहे, पण तो ठरवून घ्यावा.

तपासा: प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला बोला: कुठली गाडी, कुठल्या वर्षाची, माइक कुठे, कुठला इंडिकेटर. मग दहा सेकंद गप्प. सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच आठवत नाही.

६. खटके, दारं, बेल्ट

हे भराभर होतात. प्रत्येक हालचाल पाच वेळा, मध्ये निदान चार सेकंदांची शांतता. आधीच्याचा नाद विरल्याशिवाय पुढची नको. कुरकुरणारी जाकीट आणि घड्याळ काढून ठेवा.

दाराबद्दल एकच. सगळ्या काचा बंद असताना दार लावलं की आतली हवा दाबली जाते, कानाला जाणवतं आणि माइकला तर धक्काच बसतो. पलीकडची काच दोन बोटं खाली करा आणि आवाज एकदा घ्या. मग गेन चांगलाच कमी करून सगळ्या काचा बंद ठेवूनही घ्या. पहिला आवाज स्वच्छ असतो, दुसऱ्यात ‘आत बंद झालो’ असं वाटतं. दोन्ही लागतात.

७. उभ्या गाडीची शांतता आणि चालू इंजिन

शांततेची सलग तीन मिनिटं घ्या, आत कुणी न बसता. रेकॉर्डर सुरू करून बाहेर या, दार हळू लावा, दूर जा. संवादांच्या मधल्या फटी भरायला हीच फाइल उपयोगी पडते आणि हीच कुणी घेत नाही.

मग इंजिन. आता गाडी सुरू करा, थंड इंजिनाची पहिली दोन मिनिटं वेगळी घ्या. तेव्हा इंजिनाचे फेरे जास्त असतात, मग उतरतात. गरम झाल्यावर पुन्हा तीन मिनिटं एसी बंद ठेवून, तीन मिनिटं चालू ठेवून. एसीचा कॉम्प्रेसर मध्ये-मध्ये खट्कन लागतो आणि सुटतो. तो क्षण वहीत नोंदवा, नाहीतर लूपमध्ये, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवताना, दर काही सेकंदांनी तोच खटका येत राहील.

इथे माइक दोन, मधल्या हँडब्रेकच्या वर, डोक्याच्या उंचीला, एकमेकांपासून १७ सेंटीमीटरवर आणि ११० अंशांत उघडलेले. जागा नसेल तर दोन छोटे माइक दोन्ही पुढच्या सीटांच्या डोक्याच्या उश्यांना. एसीच्या झोताच्या रेषेत माइक येत नाही ना, एवढं हात धरून बघा.

सावधान: बंद शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालवून बसू नका. धुराने जीव जातो आणि आधी कळतही नाही.

८. चालती गाडी

चालवणारा वेगळा, रेकॉर्ड करणारा वेगळा, रेकॉर्ड करणारा मागच्या सीटवर, बेल्ट लावून. माइक पक्के बांधलेले. गाडी चालताना हाताने माइक धरायचा नाही. पकडीचा प्रत्येक दाब ऐकू येतो.

नागपुरात रस्ता निवडताना आधी तो कशाचा आहे ते बघा. शहरातले बरेच मोठे रस्ते सिमेंटचे झालेत. सिमेंटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो आणि प्रत्येक सांध्यावर चाकं ‘धप्-धप्’ करतात, आधी पुढची, मग मागची. ताशी ४० ने गेलात तर सेकंदाला अडीच सांधे, ६० ने गेलात तर पावणेचार. म्हणजे ही फाइल आपला वेग स्वतःच सांगते. साठच्या वेगाची फाइल रेंगाळत चाललेल्या गाडीखाली घातली तर चित्र आणि आवाज भांडतात. म्हणून सिमेंटवर ३०, ४०, ५०, ६० अशी प्रत्येक वेगाची वेगळी फाइल घ्या, प्रत्येकी दोन मिनिटं, गिअर न बदलता. आणि एक गुळगुळीत डांबरी रस्ता शोधून त्यावरही हेच सगळं घ्या. डांबरावरचा सलग ‘सूऽऽ’ कुठल्याही वेगाखाली निमूटपणे बसतो. एकच रात्र हातात असेल तर मी डांबर घेईन.

वेगाच्या प्रवासासाठी समृद्धी महामार्ग हाताशी आहे, शिवमडक्यापासून चढता येतं. तिथे गाड्यांना ताशी १२० ची मर्यादा आहे आणि मध्ये थांबायला बंदी. त्यामुळे माइक, बॅटरी, पातळी सगळं चढण्याआधी तपासून घ्या. आणखी एक अडचण: जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्या ताशी ८० ओलांडल्यावर ठरावीक वेळाने बीप करतात आणि १२० च्या वर सतत. पूर्वी एकदा मी ९० वर अर्धा तास फाइल घेतली. घरी येऊन ऐकली तर दर मिनिटाला दोन बीप. आता मी ७८ वर ठेवतो. ऐकणाऱ्याला ७८ आणि ९० मधला फरक कळत नाही, बीप मात्र कळतो.

गर्दीचा आवाज हवा तर संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बर्डीवर व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभे राहा, काचा बंद. बाहेरचे हॉर्न काचेतून गाळून आत येतात, तोच आपल्याकडच्या गाडीचा खरा पार्श्वआवाज. परदेशी संग्रहातल्या फाइलींत नेमका तो नसतो, म्हणून त्या आपल्या प्रसंगांना परक्या वाटतात. वर्धा रोडवर डबल डेकर पुलाच्या खालून काचा उघड्या ठेवून एक फेरी मारा. वर पूल, त्याच्या वर मेट्रो, बाजूला खांब. प्रत्येक खांबाशी आवाज उघडतो आणि मिटतो.

मागची एकच काच उघडी ठेवली तर ठरावीक वेगाला केबिनमध्ये ‘धुप्-धुप्-धुप्’ असा दाब हेलकावतो आणि रेकॉर्डिंग फुटतं. समोरची विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडा, थांबतं.

इंडिकेटर चालत्या गाडीत वेगळा घ्यायचा का? नाही. उभ्या गाडीतला स्वच्छ इंडिकेटर चालत्या केबिनवर ठेवा. फक्त एक मिनिटाचा खरा, मिसळलेला नमुना घ्या. घरी मिसळताना कोण किती मोठं ठेवायचं, याचं माप तिथून मिळतं. माप ऐकून आश्चर्य वाटेल: चालत्या गाडीत इंडिकेटर आपल्या समजुतीपेक्षा फारच लहान असतो.

९. पाऊस आणि वायपर

पाऊस नागपुरात जूनच्या मध्यापासून. टपावर पडणारा पाऊस घ्यायचा असेल तर गाडी झाडाखाली लावू नका. पानांवरून सांडणारे मोठे थेंब बेसूर पडतात. वायपर कोरड्या काचेवर चालवू नका, काच खराब होते आणि आवाजही चरचरीत येतो. बाटलीने काच ओली करत राहा, इंजिन बंद, इग्निशन ऑन, दोन्ही वेगांवर दोन-दोन मिनिटं. वायपरची मोटर आणि रबर वेगळ्या जागी वाजतात: एक माइक आत काचेजवळ, पिझो चकती डॅशबोर्डच्या वरच्या टोकाला.

१०. घरी आल्यावर

आधी दोन ठिकाणी प्रत. मग ऐका. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, काम नेहमी प्रतीवर.

इंडिकेटरचा लूप कापताना एक फेरा कधीच कापू नका. दहा फेरे घ्या. एकच टिक्-टॉक फिरवला की दहा सेकंदांत कानाला तोच-तोच पणा कळतो. कापायची जागा ‘टिक्’ सुरू होण्याच्या जराशी आधी, जिथे लाट शून्यरेषा ओलांडते तिथे. शेवटही दहाव्या फेऱ्यानंतरच्या ‘टिक्’च्या तेवढ्याच आधी. ८४ च्या गाडीत हा लूप ७.१४ सेकंदांचा भरला पाहिजे. नाही भरला तर एखादा टॉक् बाहेर राहिलाय किंवा आत जास्तीचा आलाय.

चित्रात मीटरवरचा बाण लुकलुकताना दिसत असेल तर प्रत्येक ‘टिक्’ बाण उजळतो त्या फ्रेमवर आणि ‘टॉक्’ विझतो त्या फ्रेमवर. उलटं झालं तर लगेच दिसतं. चित्रातल्या गाडीची गती तुमच्या गाडीपेक्षा वेगळी असेल तर फाइल ओढून लांब-आखूड करू नका, खटका ताणला जातो. मधली शांतता वाढवा किंवा कमी करा.

नॉइज रिडक्शन शक्यतो नकोच. शांततेची फाइल घेतली असेल तर थोडंसं चालतं. जास्त केलं की टिकेच्या मागे पाण्यात बुडाल्यासारखी बुडबुड राहते, आणि ती कूलरपेक्षा वाईट.

नावं अशी द्या की न उघडता कळावं: गाडी, आवाज, माइकची जागा, उभी की चालती, गती. ‘जुनी८००_इंडिकेटर_उजवा_चालककान_उभी_८४’. ‘फायनल’ हा शब्द नावात येऊ देऊ नका.

तपासा: तयार आवाज तीन ठिकाणी ऐका: हेडफोन, घरचा टीव्ही आणि मोबाइलचा स्पीकर. मोबाइलवर केबिनची घरघर जवळजवळ नाहीशी होते आणि इंडिकेटर एकदम पुढे येतो. तिथे तो बोचत असेल तर दोन-तीन डेसिबल खाली घ्या. मग घरातल्या कुणाला तरी, काय आहे ते न सांगता ऐकवा आणि विचारा, गाडी उभी आहे की चालली आहे? माझी आई अजून एकदाही चुकलेली नाही, आणि दोनदा तिच्यामुळे मला परत शेतात जावं लागलं.

आणि गाडी परत देण्याआधी, तो मागचा बल्ब परत बसवला का, ते बघा.